या पत्त्यावर नाही

माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही, आणि याची मला आजवर कधी लाज वाटली नव्हती. खिडक्या पुसणारा जरा जास्त गोड बोलला की तो गेल्यावर मी चमचे मोजते. माझा नवरा हॅरल्ड म्हणायचा, "नोरीन, तू चर्चमधल्या पाद्र्याच्यासुद्धा बाह्या झटकून बघशील." हॅरल्ड भोळा होता. त्याने तीनदा जुनी गाडी विकत घेतली आणि तिन्ही वेळा फसला. घरात एकाने तरी डोळे उघडे ठेवायला हवेत की नको?

तो गेला आणि माडीवरची मागची खोली रिकामी पडली, तेव्हा बर्नी मॅकगिल माझ्याकडे आला. बर्नी म्हणजे आमच्या ब्रॅकेनशॉ टाउन फुटबॉल क्लबच्या पोरांचा प्रशिक्षक. आमचा क्लब चौथ्या विभागातला. वर जायची आशा थोडी, खाली घसरायची धास्ती बारमाही. तरीही नऊ वर्षांच्या चिमुरड्यांपासून अठरा वर्षांच्या शिकाऊ पोरांपर्यंत सगळे संघ आम्ही चालवतो. लांबची पोरं सोळाव्या वर्षी आली की त्यांना गावात कुणाच्या तरी घरी ठेवावं लागतं. दोन वेळचं जेवण, चिखलाचे कपडे धुणं, दहाच्या आत घरात आणणं, हे सगळं त्या घरच्या बाईने बघायचं. सतरा वर्षांत माझ्याकडे अशी अकरा पोरं राहून गेली.

बर्नीने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "खायला तू चांगलंच घालशील, त्याची मला काळजी नाही. दलालांवर लक्ष ठेव. ते आधी पोराला गाठतात, मग आपल्याला कळतं."

तरी एकदा मी गाफील राहिले. ख्रिस वॉर्डल नावाचा माझा तिसरा पोरगा. त्याला एक जाड, देखणं पाकीट आलं आणि मी ते कौतुकाने त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. दलालाने त्याला हॉटेलात जेवू घातलं, पांढरे बूट दिले, कुठल्याशा परदेशी क्लबाची स्वप्नं दाखवली. सतराव्या वर्षी तो क्लब सोडून गेला. आज तो मोठ्या रस्त्यालगतच्या गोदामात खोकी उचलतो, आणि मी बाजारात दिसले की रस्ता ओलांडतो. तेव्हापासून मी ठरवलं की माझ्या दारातून कुठल्याही दलालाचा कागद आत येणार नाही.

रीस पॅटिन्सन अकरावा. वर्किंग्टनचा, समुद्राकाठचा. आला तेव्हा सोळा वर्षांचा होता, आणि पहिल्या संध्याकाळी सहा सॉसेज खाऊन स्वतःची बशी स्वतः धुऊन ठेवली. त्याचा डावा पाय बघायला थंडीपावसात दोनशे माणसं पोरांच्या सामन्याला यायची, एरवी वीसही येत नाहीत. मला तो आवडायचा त्याचं कारण वेगळं. रोज झोपायला जाताना तो आपला फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चार्जिंगला लावायचा, काच वर करून. त्यावर निरोप येऊन पडायचे, मी चहा करताना वाचू शकत होते, आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. लपवाछपवी नसलेलं माणूस मी जन्मात तेवढं एकच बघितलं.

गेल्या वसंतात त्याच्या नावाने चार पाकिटं आली. क्लबची पत्रं मला माहीत होती. पातळ, तपकिरी, आतलं अक्षर बाहेरून वाचता येईल असल्या पाकिटात यायची. ही तशी नव्हती. दोन लांबलचक पांढरी, तिसऱ्यावर निळ्या शाईने हाताने लिहिलेला पत्ता, आणि चौथं तर सायीसारखं जाड, मागे सोनेरी अक्षरांत 'पाइक अँड ड्रेपर'. हाताने लिहिलेल्याची मला गंमत वाटली. मेले आता घरचं पत्र वाटावं म्हणून हातानेही लिहायला लागले! मी चारही पाकिटं उघडली नाहीत. दुसऱ्याचं पत्र उघडणारी बाई मी नव्हे. मी त्यांच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'या पत्त्यावर नाही. परत पाठवा', खाली दोन रेघा मारल्या, आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकून आले. नको असलेली पत्रं परत धाडायची आमच्याकडे हीच रीत.

मे महिनाभर रीस सरावाहून आला की दारातच विचारायचा, "मिसेस सी, माझं काही आलं का?"

क्रॉशॉ हे माझं आडनाव, पोरांच्या तोंडी त्याचं 'सी' झालेलं. मी म्हणायचे, "तुझ्या कामाचं काही नाही रे बाळा. हात धू."

तो हात धुवायचा.

आमच्या खेळातला नियम असा आहे. अठराव्या वर्षी पोराची शिकाऊ मुदत संपते. क्लबला तो पुढे हवा असेल तर मेच्या तिसऱ्या शनिवारच्या आत त्याला लेखी विचारायचं. विचारलेलं असलं आणि तरी तो मोठ्या क्लबात गेला, तर ज्यांनी त्याला घडवलं त्यांना मोठा क्लब भरपाई देतो. विचारलंच नसेल तर पोरगा मोकळा, आणि आपण हात हलवत घरी. रीससारख्या पोराची भरपाई म्हणजे आमच्या पोरांच्या संघांची पुढची चार-पाच वर्षं. दुसरा आधार नव्हताच. सामन्याच्या मध्यंतरात बादली घेऊन मी सोडतीची तिकिटं विकते, त्यातून बूट आणि बसभाडं सुटतं, बस्स. क्लबच्या मंडळाने मार्चमध्येच बजावलं होतं की या उन्हाळ्यात पैसा उभा राहिला नाही तर पोरांचे सगळे संघ बंद. एकशे दहा पोरं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बातमी आली. शहरातल्या मोठ्या क्लबाने रीसला घेतलं. फुकटात. ब्रॅकेनशॉने त्याला मुदतीत लेखी विचारलंच नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या संध्याकाळी मी हॉटपॉट केला होता, मटणावर बटाट्याच्या चकत्या रचून भाजलेला. रीस काटा घेऊन नुसता बटाटे इकडून तिकडे सरकवत होता.

"अरे, तू बर्नीला विचारायचंस ना सरळ!"

"काय विचारणार? बर्नी महिनाभर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. शनिवार आला नि गेला. मला कळलं काय ते." त्याने काटा खाली ठेवला. "मी त्यांना नकोच होतो, मिसेस सी. मग ज्यांना हवा होतो त्यांच्याकडे गेलो."

दुसऱ्या दिवशी मैदानावर दहा वर्षांखालच्यांचा सराव चालू होता, तिथे मी बर्नीला कुंपणापाशी गाठलं. चहाचा कप हातात देऊन मी त्याला चांगलं फैलावर घेतलं.

"तुला तो हवा होता की नव्हता?"

"हवा होता म्हणजे? एप्रिलमध्ये मंडळापुढे मी टेबल बडवलं होतं त्याच्यासाठी. दोन वर्षांचा करार ठरला, पत्रही तयार झालं."

"मग तोंडाने सांगायला तुझं काय जात होतं?"

"आपली पद्धत विसरलीस? पत्र हातात पडेपर्यंत तोंडी कुणी बोलायचं नाही. मागे एकाला मी शब्द दिला होता आणि मंडळ फिरलं. त्या पोराचा बाप इथे येऊन रडला होता, नोरीन." बर्नीने चहा कुंपणावर ठेवला. "मला वाटलं पत्र मिळालंय, आणि रीससाहेब मोठ्या क्लबाची वाट बघत आपल्याला झुलवताहेत. मला राग आला होता. म्हणून मी बघत नव्हतो."

म्हणजे पोरगा बर्नीवर संशय घेत होता आणि बर्नी पोरावर. पत्राचं काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि पत्र टाकायचं काम एकाच माणसाचं होतं.

क्लिफर्ड हॅवर्थ, आमचा चिटणीस. एकतीस वर्षं बिनपगारी. उन्हाळ्यातसुद्धा टाय लावणारा, वापरलेल्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या करणारा माणूस. असा माणूस मेच्या शेवटी बायकोला घेऊन जहाजाने मदेरा बेटावर सुट्टीला गेला होता. मदेराला! ज्याने वीस वर्षांत एक कोट घेतला नाही तो. मला तिथेच पाणी मुरताना दिसलं. शहरातल्या क्लबाला पोरगा फुकट मिळाला, आणि इकडे ज्याने पत्र टाकायचं तो उन्हात पाय पसरून बसलेला. हे मी मैदानावरच्या चहाच्या खिडकीशी उभी राहून जो भेटेल त्याला सांगितलं. मला कुणी गप्प केलं नाही. उलट जो तो आपापली एकेक जुनी शंका आणून त्यात घालत गेला.

मग मी त्याच्या कार्यालयात गेले. कार्यालय म्हणजे मैदानातल्या प्रेक्षकांच्या स्टँडखालची एक ओलसर खोली.

"क्लिफर्ड, खरं सांग. पत्र टाकलंस का?"

"मी स्वतः टाकलं. नऊ मेला, सकाळी, मार्केट स्ट्रीटच्या पेटीत."

"पावती दाखव."

"साध्या टपालाने टाकलं. पावतीच्या टपालाला जास्त पडतात."

"अरे, एवढी मोठी गोष्ट आणि तू चिल्लर वाचवलीस?"

"एकतीस वर्षं चिल्लर वाचवली म्हणून तर दिवे चालू राहिले, नोरीन."

"माझ्या घरी आलं असतं तर मला दिसलं नसतं? माझ्या दारातून मुंगीसुद्धा मला विचारून आत येते."

"मग मला माहीत नाही," तो म्हणाला. टायची गाठ त्याने उगीचच घट्ट केली.

"मदेरा कसं होतं?"

तो समोरच्या चिठ्ठ्या नीट रचू लागला. "ऊन होतं," एवढंच म्हणाला.

माझी खात्रीच पटली. खऱ्या माणसाने मला दाराबाहेर काढलं असतं, असं मी घरी येताना स्वतःला सांगत होते. आठवड्याभरात क्लिफर्डशी दुकानात कुणी बोलेना. कुणीतरी त्याच्या गाडीच्या दोन चाकांची हवा सोडली. ते काम माझं नव्हतं, पण ऐकलं तेव्हा मला वाईटही वाटलं नाही, हेही खरंच सांगते.

सोमवारी सकाळी पोस्टमन इम्तियाझ आला. आमच्या गल्लीत तो चौदा वर्षं टपाल टाकतोय.

"आंटी, आज चक्क तुमच्या नावाचं आहे," तो हसत म्हणाला. "परत पाठवायचं असेल तर आत्ताच लिहून द्या. तुमची पेटीपर्यंतची खेप वाचेल."

त्याच्या हातात सायीसारखं जाड पाकीट होतं. मागे सोनेरी अक्षरं. पाइक अँड ड्रेपर.

मला वाटलं, बघा हिंमत! पोरगा गेला तरी आता मलाच लिहिताहेत. मी दाराजवळच्या टेबलावरचं पेनही उचललं. पण माझ्या नावाचं होतं, म्हणून उघडलं. आत क्लबच्या सभासदांची तातडीची सभा, शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता. विषय एकच होता, चिटणिसांना पदावरून दूर करणे. खाली रीतसर सही, क्लिफर्ड हॅवर्थ, चिटणीस. स्वतःला काढून टाकायच्या सभेचं आमंत्रण त्यानेच गावभर पाठवलं होतं.

"इम्तियाझ," मी म्हणाले, "हे पाइक अँड ड्रेपर कोण?"

"वकील होते ना मार्केट स्ट्रीटला! ऑक्टोबरात बंद झाले की. म्हातारे पाइक स्टँडमध्ये तिसऱ्या रांगेत बसतात बघा, पांघरूण घेऊन. त्यांनी उरलेली पाकिटं खोकी भरून क्लबला देऊन टाकली एप्रिलमध्ये. क्लिफर्ड काय, फुकट म्हटल्यावर तपकिरी पाकिटं विकत कशाला घेईल?" त्याने पिशवी खांद्यावर सारली. "मला मात्र ताप. कुणी एखादं परत पाठवलं की पाकिटामागे छापलेल्या पत्त्यावर, त्या बंद दारातच टाकून यावं लागतं. आत ढीग झालाय."

तो गेला. मी दारातच पायरीवर बसले.

चहाच्या खिडकीशी मी जे जे बोलले होते ते सगळं आठवलं, शब्द न् शब्द. मग मी कोट न घालताच मार्केट स्ट्रीटला गेले. त्या दाराच्या पत्रं टाकायच्या फटीतून आत वाकून बघितलं. रंगीत जाहिराती, बिलं, फोनची पत्रं, आणि त्यात खालच्या बाजूला एका सायीसारख्या पाकिटाचा कोपरा. त्यावर काळ्या शाईची रेघ दिसत होती. दोन रेघा असाव्यात, पण दुसरी दिसत नव्हती.

मी घरी परत आले. खोटं कशाला बोलू, मी दोन दिवस काहीच केलं नाही. त्या फटीतून दुसरं कुणी बघणार नव्हतं. क्लिफर्ड सत्तरीचा, आज ना उद्या पद सोडणारच होता. रीस गेलाच होता. आणि मी ते पाकीट बाहेर काढलं की त्यावरचं अक्षर सगळ्यांना दिसणार. मग कुठला क्लब माझ्या घरी पोरगा ठेवील? मागच्या खोलीत पुन्हा हॅरल्डचे जुने कोट आणि शिलाईचं मशीन. एकशे दहा पोरांचा विचार माझ्या मनात स्वतःच्या मागून आला, हे मला मान्य आहे.

बुधवारी क्लिफर्ड पोराला ठेवून घेण्याचे माझे महिन्याचे पैसे घेऊन आला. दर महिन्याला आत येऊन बिस्कीट खायचा. या वेळी पायरीवरच उभा राहिला.

"ये ना आत," मी म्हणाले.

"नको. हे माझ्या हातून शेवटचं. पुढच्याला सगळं नीट लावून ठेवलंय." मग जरा थांबून म्हणाला, "मदेराची सहल आमच्या मुलांनी दिली होती, नोरीन. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून. तुला एवढ्यासाठी सांगतो की तू उठवलेलं ते जिने ऐकलं नसेल अशी एक माझी बायकोच उरली होती. काल तिनेही ऐकलं."

तो फाटक ओढून घेऊन गेला. त्याने कडी लावल्याची खात्री दोनदा केली.

मी तशीच पाइक वकिलांच्या घरी गेले. वाटेत दहा कारणं जुळवली होती. मीटर बघायचंय, ओळखीच्या बाईचं पत्र अडकलंय, वगैरे. म्हाताऱ्याने काही विचारलंच नाही. खुंटीवरची जुन्या कार्यालयाची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "घे की. परत द्यायची घाई नाही." त्याने मला काहीतरी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

पाकीट मिळालं. तिकिटावर टपालाचा शिक्का स्पष्ट उठला होता, नऊ मे. मुदतीच्या आठ-नऊ दिवस आधीचा. आणि त्याच्यावर आडवं, माझ्या अक्षरात, 'या पत्त्यावर नाही. परत पाठवा'. दोन रेघा.

शुक्रवारी सहाला स्टँडखालचा बार भरला होता. खिडकीतून मैदानावर उन्हं दिसत होती. अध्यक्ष बोलायला उठणार, त्याआधी मीच उठले. मला भीती होती की एकदा बसून राहिले तर पुन्हा उठता येणार नाही.

"क्लिफर्डने पत्र टाकलं होतं," मी म्हणाले. "माझ्या घरी आलं होतं. मी ते परत पाठवलं."

मागून कुणीतरी हसलं, मी थट्टा करतेय असं वाटून. मग हसणं थांबलं.

मी पाकीट टेबलावर ठेवलं. "मला वाटलं दलालाचं आहे. चहाच्या खिडकीशी मी जे बोलले ते खोटं होतं. मला खरं वाटत होतं, पण खोटं होतं."

क्लिफर्डने चष्मा लावला. पाकीट जवळ ओढलं, पण हात न लावता नुसतं वाकून बघितलं. "दोन रेघा," तो म्हणाला. "एक पुरली असती."

मी त्याची क्षमा मागितली. त्याने मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही.

पाइक वकिलांनी पाकीट खिडकीशी नेऊन शिक्का बघितला. पाकीट चार साक्षीदारांसमोर सुरीने उघडलं आणि अध्यक्षांनी पत्र मोठ्याने वाचलं. दोन वर्षांचा करार, पगार, आणि शेवटी बर्नीने स्वतः घालायला लावलेलं एक वाक्य. 'तू आमच्याच मैदानावर मोठा झालेला आम्हाला बघायचं आहे.' बर्नी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"भरपाई मागायला हे टिकेल?" अध्यक्षांनी विचारलं.

"भांडावं लागेल," पाइक म्हणाले. "पण क्लबने मुदतीत विचारलं होतं, हे यावरून दिसतं. मला वाटतं टिकेल."

बारमध्ये टाळ्या झाल्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या, आणि असायला नकोच होत्या. बाहेर पडताना बर्नीने मला दाराशी थांबवलं.

"जुलैत दोन पोरं येताहेत, नोरीन. त्यांच्यासाठी आम्ही दुसरं घर बघतोय."

"हो," मी म्हणाले. "बघायलाच हवं."

"मीच तुला सांगितलं होतं, दलालांवर लक्ष ठेव म्हणून."

"लक्ष ठेव म्हणालास. मी जे केलं ते तू सांगितलं नव्हतंस."

घरी पोचले तेव्हा रीस स्वयंपाकघरात बसला होता. मागच्या भिंतीवर अजून ऊन होतं. फोन त्याच्यासमोर टेबलावर होता आणि त्यावर त्या पत्राचा फोटो. सभेतून कुणीतरी माझ्याआधी पोचवला होता. त्याने पत्र बोटांनी मोठं करून शेवटच्या वाक्याशी आणून ठेवलं होतं.

मी सगळं पुन्हा सांगितलं, काही न गाळता.

"मी रोज विचारायचो," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"तुम्ही म्हणायचात, तुझ्या कामाचं काही नाही."

"हो, बाळा."

"मी थांबलो असतो, मिसेस सी. त्यांनी विचारलं असतं तर मी इथेच राहिलो असतो." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "आता तिकडे सही झाली."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवणार होते. त्याने खुर्ची जराशी मागे घेतली.

"आणखी किती होती?"

"तीन."

"कुणाची?"

"माहीत नाही. मी उघडली नाहीत." मग जे त्याने विचारलं नव्हतं तेही सांगितलं. "एकावर पत्ता हाताने लिहिलेला होता. निळ्या शाईत."

त्याने पत्राचा फोटो बंद केला. कुणाची आठवण काढत होता, मला कळलं नाही. "शिक्का कुठला होता?"

"मी बघितला नाही."

त्याने उठून आपला कप धुतला, उपडा घातला, आणि वर निघाला. मी ओट्यावरची चार्जरची वायर त्याच्यासाठी सरळ करून ठेवली, रोजच्यासारखी. जिन्यावरून तो परत आला. वायर भिंतीतून काढली, गुंडाळली, फोनची काच छातीकडे धरून वर घेऊन गेला.

वर त्याच्या मागच्या खोलीला आतून कडी आहे. सतरा वर्षांपूर्वी पहिला पोरगा यायच्या आधी मीच बसवून घेतली होती, म्हटलं मोठी पोरं, त्यांना लागेल. ती लागल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.